पार्बताबाईच्या कानशिलाआतून

मित्रांनो, मी जुनी आहे. किती जुनी, तर पार्बताबाईचे बारसे झाले त्या दिवशी मी तिच्या डोक्यात आधीच हजर होते. तिला नाव मिळायचे होते, मला काम मिळायचे होते.

मी मेंदूतली एक पेशी आहे. तुमच्या कातडीच्या पेशी महिन्याभरात झडतात आणि नव्या येतात. रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिने टिकतात. मी मात्र एकदाच तयार झाले. मी गेले तर माझ्या जागेवर दुसरी येईल ही आशा धरू नका. एकसष्ट वर्षे मी एकाच ठिकाणी बसून आहे. कानशिलापासून आत, दोन-तीन बोटे खोल, एक वळलेली पट्टी आहे. आठवणी तिथे बांधल्या जातात. त्या पट्टीत माझे घर.

एक अट आधीच सांगते. मला सलग बोलता येत नाही. पेशीचे बोलणे म्हणजे ठिणग्या. एक ठिणगी, मग शांतता, मग दुसरी. म्हणून माझी गोष्ट मधेमधे तुटेल. एखादे वाक्य अर्धेच राहिले, तर समजा की त्या वेळी मला पोटाला मिळाले नव्हते.

*

पार्बता लग्न होऊन अंजनगाव सुर्जीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासरी पानमळा होता. विड्याच्या पानाची नागवेल तिथे शेवग्याच्या आणि हेट्याच्या, म्हणजे हादग्याच्या, झाडांवर ओळीओळीने चढवलेली असे. आत शिरले की वैशाखातही अंगावर गारवा येई.

सासू सुभद्राबाईने पहिल्या दिवशी मळ्याच्या तोंडाशी तिला उभे केले.

"चप्पल बाहेर. अन् आंघोळ करून याचं, तोंडात अन्नाचा कण नाही पायजे. वेलीले पाणी द्याचं, तिचं सारं कराचं, मंग घरी जाऊन आपण खाचं. वेल आपल्या आंधी जेवते."

"अन् मले चक्कर आली तं?" पार्बताने विचारले.

"तं हेट्याले धरजो."

ते शब्द मी बांधून घेतले. बेचाळीस वर्षे ते सुटले नाहीत.

*

माझे खरे काम उतरवणीचे. थंडी सरली की नागवेल झाडावरून खाली घेतात. लव्हाळ्याच्या गवताने वेल झाडाला बांधलेली असते. तो लव्हाळा इळ्याने कापायचा, वेल सोडवायची, तिचा जुना, पाने झडलेला भाग बुंध्याशी वेटोळे करून मातीत पुरायचा आणि कोवळा शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या पेरांना मुळ्या फुटतात. म्हातारी वेल अशी पुन्हा तरणी होते. पण प्रत्येक वेल वेगळी. कोणाचे पेर कच्चे, कोणाला दोन वेटोळी पुरतात, कोणाला तीन लागतात. जास्त ओढली की मोडते. हे कुठे लिहिलेले नव्हते. ते पार्बताबाईच्या डोक्यात होते.

एकटी मी काहीच लक्षात ठेवत नाही. सातव्या ओळीतली तिसरी वेल आठवायची तर आम्ही हजारो पेशी एकदम पेटतो. मी त्यातली एक.

शेजारच्या मळ्याचे रामराव एकदा बांधावरून म्हणाले, "वयनी, तुमच्या डोस्क्यात पुरा मळ्याचा सातबारा हाय."

"हाय न. पण तलाठ्याले सांगू नोका," पार्बताबाई म्हणाली.

कौतुक पेशीपर्यंत पोचते, मित्रांनो. त्या दिवशी माझ्या सगळ्या फांद्या ताठ झाल्या होत्या.

*

आता ज्याच्यासाठी मी बोलायला बसले, त्याच्याविषयी.

पोटात, जठरामागे, स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. तुम्ही जेवलात की तो रक्तात इन्सुलिन सोडतो. शाळेत शिकवतात की इन्सुलिन ही किल्ली आहे, ती पेशीचे दार उघडते आणि साखर आत जाते. हातापायांच्या स्नायूंसाठी ते खरे आहे. माझ्या दाराला मात्र ती किल्ली लागत नाही. मेंदूतल्या माझ्यासारख्या पेशी रक्तातून आलेली साखर तिच्यावाचूनच आत घेतात.

मग मी इन्सुलिनची वाट का पाहते?

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे. इन्सुलिन त्यातून थोडे थोडे आत येते आणि माझ्या फांद्यांवर येऊन बसते. ते बसले की माझे शेजारणीशी असलेले सांधे घट्ट होतात. ठिणगी वाटेत विझत नाही.

दुसरे काम बाहेर, रक्ताच्या वाटेवर. माझ्या वरच्या अंगाला एक बारीक धमनी आहे. मी तिला माझा पाट म्हणते. इन्सुलिन त्या पाटाच्या आतल्या अस्तराला लागले की अस्तर एक हलका वायू सोडते. तेवढ्याने आवळलेली भिंत सैल होते, पाट रुंदावतो, रक्त वाढते. त्या रक्तातून माझा घास येतो आणि माझा श्वासही. मी ठिणगी टाकते तेव्हा मला दोन्ही लागतात, आणि लगेच लागतात. उद्या आणून देतो म्हणून चालत नाही. माझ्याकडे कोठार नाही.

चाळीस वर्षे हे सुरळीत चालले. मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. नळाला पाणी येते तोवर नळाचे आभार कोण मानते?

*

मग पार्बताबाईचे बसणे वाढले. मळ्यातले उभ्याचे काम मजूर करू लागले आणि ती ओसरीत दिवसभर पाने निवडत, जुड्या बांधत बसू लागली. निवडताना चहा. चहात दोन चमचे. दिवसातून सहा वेळा.

शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे झाले. स्वादुपिंडाने आणखी सोडले, आणखी सोडले. रक्तात त्याची गर्दी झाली आणि पहाऱ्यातून आत येणारे मात्र कमी झाले. पाटाचे अस्तरही बहिरे झाले. इन्सुलिन येऊन लागे, वायू सुटत नसे. पुढे स्वादुपिंड थकले. रक्तात साखरेचा पूर आला. त्या पुराने पाटाची भिंत जाड झाली, आणि मी ठिणगी टाकली की रक्त उशिरा येऊ लागले.

मधुमेहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पार्बताबाईने त्या पाने झाकायच्या ओल्या फडक्यांच्या टोपलीत ठेवल्या. त्या भिजून विरघळल्या. तिने त्याचा फार विचार केला नाही. बिनसाखरेचा चहा तेवढा सुरू केला आणि आपण पथ्यावर आहोत असे समजली.

एका गुरुवारी माझ्या डाव्या शेजारणीकडून ठिणगी आली नाही. शुक्रवारीही आली नाही. आम्हाला नावे नसतात, म्हणून तिचे नाव सांगता येत नाही. पण छप्पन्न वर्षे आम्ही शेजारी होतो.

मी

पुढे सांगते.

*

पार्बताबाई जून आणि कोवळी पाने एकाच जुडीत बांधू लागली. दही लावलेस का, हे सुनेला, मंजुषाला, तासात तीनदा विचारू लागली. एक दिवस ती पाचव्या ओळीत जाऊन उभी राहिली आणि कशाला आलो ते तिला आठवेना.

"माय, तू आता घरी बस," मुलगा धर्मेंद्र म्हणाला. "मळा मी पाह्यतो."

"तू पाह्यतो? तुले पाचवी अन् सहावी ओळ सारखीच दिसते."

"तुले तं आता सारा मळाच सारखा दिसून राह्यला."

त्या रात्री पार्बताबाई जेवली नाही, हे मला माझ्या बाजूने कळले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच अकोल्याची गाडी धरली, मंजुषाला बरोबर घेतले आणि डॉक्टर दीक्षा यांच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टरांनी कागद पाहिले. "आजी, आता इन्सुलिन घ्यावं लागेल."

"म्हंजे आता संपलंच म्हना."

"सुई सुरू केली म्हणजे संपलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साऱ्याईनंच."

"ते सगळे सुई घेतात?"

"नाही."

"मग त्यांना काय माहीत?"

पार्बताबाई हसली. मग तिने खरा प्रश्न काढला. "मले भूल पडून राह्यली. सुईनं थे बरं होईन का?"

"गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. पण जे आहे ते टिकवायचं तर साखर ताब्यात ठेवावीच लागेल. डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही याच रक्तावर चालतात."

"मले या सालची उतरवणी माह्या हातानं करायची हाय. एवढी होईन का?"

"करू की. सुई रोज सकाळी आणि संध्याकाळी. सुई घेतली की अर्ध्या तासात खायचं. सकाळी नाश्ता करता ना?"

"करतो न. रोज करतो."

ती खोटे बोलली नव्हती. मळ्यातून आल्यावर नऊ वाजता ती रोज भाकर खाई, आणि नऊ म्हणजे सकाळच. डॉक्टरांनी नाश्ता करता का, हे विचारले. कधी करता, हे विचारले नाही. दोघींचेही शब्द माझ्यापर्यंत पोचले. पण मी आठवण ठेवणारी. हिशेब लावणाऱ्या पेशी पुढे, कपाळामागे बसतात. त्यांनाही त्या दिवशी काही खटकले नाही.

*

पहिले दहा दिवस ती मळ्यात गेली नाही. तळपायात काटा रुतला होता. साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे तिला तो कळलाही नव्हता. मंजुषाने पाय धुताना पाहिला. म्हणून घरातच राहणे झाले. साडेसहाला सुई, सातला ज्वारीची भाकर. संध्याकाळीही तसेच.

मित्रांनो, मी चमत्कार सांगत नाही. डावीकडची जागा रिकामीच राहिली. पण पाटाची भिंत हळूहळू हलकी होऊ लागली. ठिणगीच्या मागोमाग रक्त येऊ लागले. आठव्या दिवशी पार्बताबाईने मंजुषाला दह्याबद्दल एकदाच विचारले.

अकराव्या दिवशी उतरवणी सुरू झाली. तिने साडेसहाला सुई घेतली. आंघोळ केली. मळा होता, म्हणजे मळ्याची रीत होती. ती अनवाणी आणि उपाशी आत शिरली. हातात इळा.

*

पहिली ओळ. ठीक.

दुसरी ओळ. घाम. सकाळची गार वेळ आणि मानेवरून घाम.

तिसरी ओळ. पाट उघडा आहे. रक्त येते आहे. पण रक्तात

रक्तात काही नाही

मी ठिणगी टाकते. पलीकडे कोणी

हे हात कोणाचे. ही वेल

लव्हाळा कापायचा, वेल नाही. लव्हाळा कापायचा, वेल

कापायचा

कापायचा

*

मंजुषा आली तेव्हा पार्बताबाई ओल्या मातीत बसली होती. लुगडे घामाने भिजले होते. चार वेली बुंध्याशी कापलेल्या होत्या, शेंडे झाडावर तसेच लटकत होते.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"तू कोन वं? सासूले सांग, माह्यं झालं म्हना."

मंजुषाने तिला खांद्याला धरून बाहेर बांधावर आणले. जवळ तिचा स्वतःचा डब्बा होता आणि थर्मासात चहा. तिच्या वाटचा, गोड. तिला दुसरे काही सुचले नाही, तिने तो घोट घोट पाजला.

घोट. घोट. मग दहा मिनिटे.

आणि पाटातून घास आला. एक पेशी पेटली, दहा पेटल्या, हजार पेटल्या. पार्बताबाईने वर पाहिले. "मंजे, मी अठी काहून बसलो?"

तोवर धर्मेंद्र मळ्यातून कापलेले शेंडे घेऊन बाहेर आला होता. त्याचा चेहरा पडला होता. रामरावही आले.

"सुई डोस्क्यात चढते म्हंतात बाप्पा," रामराव म्हणाले. "आमच्या साडूच्या मायचं असंच झालं. सुई लागली अन् मानसंच ओळखे ना."

"मी तं पयलेच म्हनत होतो," धर्मेंद्र म्हणाला. "आजपासून सुई बंद. अन् माय, मळाही बंद. राग नोको येऊ देऊ. चार वेली गेल्या. उद्या चाळीस जातीन."

त्याने तिच्या हातातून इळा घेतला. ती देत नव्हती. त्याने बोटे एकेक करून सोडवली.

*

मला ओरडायचे होते. सुई बंद केली की पुन्हा पूर येणार, पाट पुन्हा जाड होणार, उजवीकडची शेजारीणही जाणार. आणि दोष सुईचा नव्हता. पण पेशीला तोंड नसते. मला एकच येते, दोन गोष्टी एकमेकींना बांधणे.

म्हणून मी बांधल्या. चहाचा तो घोट आणि त्यामागून आलेला उजेड. दिवसभर माझ्याकडे आला तो सगळा घास, आला तो सगळा श्वास मी त्या एका गाठीवर लावला. दुसरे काही विसरली तर विसरू दे. हे विसरायचे नाही. मी गाठ मारली, पुन्हा मारली, आणि ती झोपली तेव्हाही मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्बताबाई ओसरीत बसली होती. मंजुषा तूर निवडत होती.

"मंजे, काल तुनं मले काय पाजलं?"

"चहा."

"गोड?"

"माह्या वाटचा होता, गोडच असते. बोलू नका आता, तुमाले चालत नाही थो."

"चालण्याचं जाऊ दे. मले हे सांग. तुहा नवरा म्हनते सुईनं डोस्कं फिरलं. सुई तं सकाळी पोटात गेली. चहा पेल्यावरही पोटातच होती, मी काही थुकली नाही. मंग डोस्कं जाग्यावर कसं आलं?"

मंजुषाचा सुपावरचा हात थांबला.

कपाळामागच्या पेशींनी शेवटी हिशेब लावला होता. गाठ माझी होती, हिशेब त्यांचा. पण जिद्द पार्बताबाईची. ती कोणत्या पेशीत असते ते मला अजून कळलेले नाही.

"चाल, अकोल्याले जाऊ."

"त्यायले विचारू का?"

"सांग त्याले. विचारू नोको."

*

"सुई किती वाजता घेतली?" डॉक्टर दीक्षांनी विचारले.

"साडेसहा."

"आणि खाल्लं कधी?"

"खातो न, नऊले. मळ्यातून आल्यावर. आमच्यात आंधी वेल जेवते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मग पार्बताबाईने सासूची रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, अगदी हेट्याला धरायच्या सल्ल्यासकट.

"आजी, सुईने साखर खाली आणली आणि वरून काही आलं नाही. तुम्ही उपाशी काम करत राहिलात. मेंदूला साठा नसतो. त्याला वेळेवर साखर मिळाली नाही की माणूस असाच वागतो. ते वेड नव्हतं, भूक होती." त्यांनी जुना कागद उलटून पाहिला. "हे मी त्या दिवशीच विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे."

"तुमची कायची. मी कुठं सांगतलं होतं."

डॉक्टरांनी सकाळची सुई थोडी कमी केली, पदराच्या गाठीत साखर बांधून ठेवायला सांगितली, आणि हात थरथरला किंवा घाम फुटला की आधी ती तोंडात टाकायची, मग दुसरे काम, असे दोनदा बजावले.

*

एक दुरुस्ती. मी वर म्हणाले की माझ्या दाराला इन्सुलिनची किल्ली लागत नाही. खरे आहे. पण दार उघडे ठेवून काय करायचे, जर रस्त्यावर कोणी येतच नसेल? तेही खरे आहे.

आणखी एक. मी इन्सुलिनला उपकारकर्ता म्हणून रंगवले. ते कामकरी आहे. कमी पडले तरी मी मरते, आणि घासावाचून आले तरी मी मरते. त्याच्याबरोबर घास पाहिजे. एवढेच.

*

घरी आल्यावर भांडण सुईवरून झालेच नाही. मंजुषाने सगळे समजावून सांगितले तेव्हा धर्मेंद्रने ते मानले. भांडण झाले रीतीवरून.

"आजीची रीत हाय थे. कोनंच मोडली नाही. वेल रुसली तं?"

"बेचाळीस साल वेलीले आंधी जेवू घातलं," पार्बताबाई म्हणाली. "आता मी आंधी जेवतो. तिले राग आला तं माह्यावर यीन."

"लोक काय म्हंतीन?"

"म्हंतीन बुढी खाऊन मळ्यात गेली. काल म्हनत होते बुढी येडी झाली. कोनतं बरं वाटते तुले?"

धर्मेंद्र उठून अंगणात गेला. पाच मिनिटांनी परत आला.

"एक ओळ," तो म्हणाला. "मी संगं उभा राहीन. एकही वेल तुटली तं मळा बंद. मंग भांडाचं नाही."

"नाही भांडत."

*

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सुई झाली. पावणेसातला पार्बताबाई मळ्याच्या तोंडाशी, बांधावर, सगळ्यांना दिसेल अशी बसली आणि तिने भाकर सोडली. सोबत आंबाडीची भाजी.

रामराव पलीकडून ओरडले, "वयनी, आज बांधावरच पंगत का?"

"या न तुमीही. वेलीले विचारून बसलो."

"काय म्हने वेल?"

"म्हने, जेव बाई, माह्यं मी पाहून घेतो."

खाऊन तिने हात धुतले. धर्मेंद्रने पिशवीतून नवे कापडी जोडे काढून तिच्यापुढे ठेवले. "फक्त मळ्यातले," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "एक रीत मोडली तं दुसरीही मोड. पाय कापावा लागला तं मी कुठं फिरू तुले घेऊन."

ती आत शिरली. पाचवी ओळ. मंजुषा मागे.

पहिली वेल. लव्हाळा कापला, वेल सुटली, दोन वेटोळी, माती. दुसरी. तिसरी. मला घास मिळत होता. मिळतो आहे हे तेव्हा लक्षातही येत नाही, काम तेवढे दिसते.

सहाव्या वेलीशी तिचा हात थांबला.

मी ठिणगी टाकली. डावीकडे, जुन्या वाटेने. तिथे कोणी नव्हते. ठिणगी विझली. दुसरी टाकली. विझली. धर्मेंद्रने तोंड उघडले. मंजुषाने मागून त्याचे मनगट धरले.

पाटाचे अस्तर जागे होते. भिंत सैल झाली. रक्त आले. मी तिसरी ठिणगी उजवीकडून पाठवली, लांबच्या फांदीवरून, जिथून ही वेल कधी आठवली नव्हती. ती एका पेशीकडून दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे, अडखळत, वळसे घेत

गेली.

"हिचा पेर कच्चा हाय," पार्बताबाई म्हणाली. "हिले एकच वेटोळं. जास्ती घेतली का मोडते."

तिने एकच घेतले. वेल मोडली नाही.

अकराव्या वेलीशी ती पुन्हा थांबली. या वेळी मी सगळ्या वाटा पाहिल्या. डावी, उजवी, लांबची, त्याहून लांबची. काहीच नव्हते. ही वेल शेजारणीबरोबर गेली होती. मला लाज वाटली.

पार्बताबाईला वाटली नाही. ती मान वळवून म्हणाली, "धर्मेंद्र, हिले मांगच्या साली किती खाली घेतलं होतं रे?"

धर्मेंद्र वेलीकडे पाहत राहिला. "मले नाही माहीत, माय."

"मलेही नाही आठवत. मंग हळूच घेऊ. तू वरून धर."

त्याने वरून धरली. ती खालून बोटभर सोडवी, थांबे, पेर दाबून पाही, पुन्हा बोटभर सोडवी. बाकी वेलींना लागला त्याच्या चौपट वेळ लागला. वेल खाली आली, अखंड. आणि मी ती नव्याने बांधून घेतली. दीड वेटोळे. दक्षिणेचे पेर घट्ट. धर्मेंद्रने वरून धरली होती.

ओळ संपली. धर्मेंद्र सहाव्या ओळीच्या तोंडाशी गेला आणि वाटेत पडलेली पाने बाजूला सारू लागला.

*

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही.

तुमच्या घरात कोणी सुई घेत असेल, तर सुई आणि घास यांच्यामध्ये काय काय येते ते एकदा बसून विचारा. कोणाच्या मध्ये पूजा येते, कोणाच्या मध्ये गोठा, कोणाच्या मध्ये नळाची पाळी, कोणाच्या मध्ये एसटी. ते मधले बाजूला करा. सुई बाजूला करू नका. घरचे शहाणे माणूस अचानक घामाघूम होऊन भलते बोलू लागले, तर वाद घालत बसू नका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर आधी गोड द्या आणि मग डॉक्टरांकडे न्या. आणि तुमच्या स्वतःच्या कानशिलाआतही माझ्यासारख्या पेशी बसल्या आहेत. अजून तरण्या आहेत. त्यांच्या पाटासाठी रोज चाला, धावा, खेळा. चालत्या शरीरात इन्सुलिनचे ऐकले जाते. माझ्याकडे नव्या पेशी नाहीत. जेवढ्या उरल्या तेवढ्यांवर मी काम करणार आहे, आणि काम बरेच पडले आहे.

अजून सांगितले असते. पण पार्बताबाई सहाव्या ओळीत शिरली आहे. पहिल्याच वेलीपाशी तिचा हात थांबला आहे, आणि डोळे मिटून ती मला शोधते आहे.

आले.